राबाची मूठभर राख

अहो,

तुमचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, मग पत्रात तरी कशाला घेऊ? पण आज तुम्हाला ऐकायचंच आहे. दुपारी तुमच्या नावानं पितरांचं जेवण आहे. भाऊजी येतील. ते यायच्या आत मला हे तुमच्यापाशी बोलून टाकायचंय, नाहीतर त्यांच्यासमोर माझी जीभ उचलायची नाही.

काल कवितानं माळ्यावरून तुमचे थर्माकोलचे खोके खाली काढले. मुरबाडला कॉलेजात जाते आता तुमची लेक. म्हणते, बाबांची बिनमातीची भाजी मी परत लावणार. खोक्यात तुमची वही पण सापडली तिला. शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलंय, "चूक माझीच. मला पाणी कळलं नाही."

पोरीनं विचारलं, "आये, बाबांचं नक्की काय चुकलं गो?"

मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "मला काय ठाऊक, बाय!"

पुन्हा खोटं बोलले. पहिल्यांदा तुमच्याशी बोलले होते.

गाडीचं चाक तुमच्या पायावरून गेलं, डॉक्टरांनी सळई घातली आणि सांगितलं, यापुढे चिखलात उभं राहायचं नाही. भात लावणाऱ्या माणसाला असं सांगतात का हो? भाऊजींनी लगेच कल्याणला वॉचमनची जागा बघितली.  मग एक दिवस कल्याणच्या शेतीच्या प्रदर्शनातून दोन बाटल्या, एक पुस्तिका आणि रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या घेऊन आलात. म्हणालात, "माती नको नि चिखल नको. पान्यात माठाची भाजी लावतो, बघच तू!"

मी हसले. हसू नको तर काय करू? पाण्यात कधी भाजी आलीय?

पण तुम्ही ओटीवर खोके मांडलेत. आत काळं प्लास्टिक, त्यात पाणी, झाकणाला भोकं, भोकांत नारळाच्या भुशाचे कप. एका बाटलीतलं खताचं औषध आधी पाण्यात ढवळायचं, मग दुसरं. दोन्ही पाण्याशिवाय नुसती एकत्र करायची नाहीत. पाण्यात बुडबुडे यायला माशांच्या टाकीचा पंप लावलात. लाइट गेली की तांब्यानं पाणी वर घ्यायचं नि खाली ओतायचं, तासन्‌तास. मुळांना हवा लागते म्हणे! एवढा वेळ माझ्याजवळ कधी बसला नाहीत तुम्ही.

भाऊजी एकदा बघून गेले. "दादा, अक्षयतृतीयेपर्यंत बघ. भाजी आली तर मागच्या दारी खोक्यांवर मांडव घालू, बांबू मी तोडून आनतो. नाय आली तर कल्याण. ती जागा थांबायची नाय."

"बरं," म्हणालात.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. भाजी आली तर तुम्ही घरी, नाहीतर गेलात. उठल्या उठल्या मी आधी रोपांची पानं मोजायचे, मग चूल पेटवायचे.

तुम्ही रोज सकाळी पट्टी बुडवायचात. पिवळट आली की पाणी ठीक, निळी झाली की बिघडलं. रोज पिवळट यायची. पण मला रोपं बारीक वाटायची हो! माझ्या माहेरी धसईला काय नि इथं काय, राब भाजल्याशिवाय भाताचं रोप कधी जोमानं आलंय? शेण, पाला, फांद्या पसरून जाळायच्या आणि त्या राखेत बी पेरायचं, जन्मभर हेच बघितलं. मनात आलं, ह्यांच्या पाण्यात सगळं आहे, राखच तेवढी नाही. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी राबाची राख फडक्यातून गाळून दोन्ही खोक्यांत मूठ मूठ घातली. देवाचं नाव घेऊन घातली. तुम्ही जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी पट्टी निळी आली.

तुम्ही पाण्यात लिंबं पिळलीत. दोन दिवसांनी कोवळी पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या. मला वाटलं, राख कमी पडली. आणखी घातली. तुम्ही सगळं पाणी उपसून नवं भरलंत, मी पुन्हा घातली. अक्कल बघा माझी! तळाशी गाळ दिसला तो तुम्हाला भुशाचा वाटला. तुमची जेवणावरची वासना गेली, पुस्तिका उलटसुलट करून तिची पानं सुटी झाली.

मग एकदा तुम्ही विचारलंत, "तू पान्यात कायी घातलंस का गो?"

भाऊजी ओटीवरच उभे होते. त्यांच्यासमोर "हो" म्हणायची लाज वाटली. म्हटलं, "मी कशाला घालू? नाय."

तुम्ही लगेच मान हलवलीत. का विश्वास ठेवलात? पुन्हा एकदा विचारायचं होतं! ओरडायचं होतं माझ्यावर, हात धरून पाण्यापाशी न्यायचं होतं! माणसानं इतकं भोळं असू नये हो.

अक्षयतृतीया झाली आणि पिशवी घेऊन तुम्ही जीपमध्ये बसलात. आठवडाभरानं मी तांब्यात पाणी घेतलं, चिमूटभर राख टाकली, उरलेली एक पट्टी बुडवली. निळी झाली. तेव्हापासून मला माहीत आहे. त्यानंतर तीन वर्षं तुम्ही पंधरवड्याला घरी येत होतात, पाय शेकून घेत होतात, आणि मी दर वेळी ठरवायचे, आज सांगते. पोळी वाढायचे आणि परत चुलीशी जायचे. मग तिथं गेटवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात. सांगायला कुणी उरलंच नाही.

काल संध्याकाळी भाऊजींनी ते खोके बघितले. कविताला म्हणाले, "टाकून दे ते. तुझ्या बापाला नाय जमलं, तुला काय जमनार?" पोरीनं मान खाली घातली, अगदी तुमच्यासारखी. माझ्या अंगाची लाही झाली. तुम्हाला जमत होतं! चार चार पानं आली होती, मी मोजली होती.

म्हणून वचन देते. आज पानं मांडली की भात वाढायच्या आधी मी सांगणार. भाऊजींसमोर, कवितासमोर. भाऊजी पानावरून उठले तर उठू देत. लेकीनं माझ्याशी बोलणं टाकलं तरी टाकू दे, तिच्या बापाला मी घराबाहेर घालवलं हे ऐकून ती काय करेल ते मला सोसायला हवं. कुणी विचारायची वाट आता बघणार नाही.

अंगणात भाऊजींचा आवाज आला. जाते.

तुमचं पाणी बरोबर होतं.

तुमची,
यमुना