प्रेसचा डोळा

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार घे. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला पाच दिवस लागले, तेव्हा माझं काही बरंवाईट झालं की काय, असं तुझ्या मनात येऊन गेलं असेल. मी बरा आहे. खोकला आहे, पण तो माझ्याआधीपासून या खोलीत भाड्याने राहतो अशी माझी खात्री झाली आहे. खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेत. भाची तुझ्याजवळ येऊन राहिली हे फार चांगलं झालं. तिला म्हणावं, आईला एकटीला जेवायला बसू देऊ नकोस.

कामाचं म्हणशील तर पत्र्याला दाबून आकार देणारी ती जुनी प्रेस गेल्या महिन्यात पुन्हा अडली. तिचा डोळा गेला. भावोजींनी तुला कधीतरी सांगितलं असेल: प्रेसच्या तोंडाशी दोन बाजूंना काड्यापेटीएवढे दोन सेन्सर असतात. एकातून प्रकाश निघतो, समोरचा तो पकडतो. मध्ये हात आला की प्रकाश तुटतो आणि वरचा ठोकळा जागच्या जागी थांबतो. आम्ही त्याला डोळाच म्हणतो. तो बनवणाऱ्यांनी ते मॉडेल बंद केलं त्याला वीस वर्षं होतील. नवे मिळतात, पण त्यांना वीज वेगळी लागते, खाचा जुळत नाहीत. म्हणून जुनेच हुडकायचे. बंद पडलेल्या कारखान्यांच्या लिलावात जायचं, भंगारवाल्यांच्या विनवण्या करायच्या. त्यातला एक म्हातारा बिस्किटांच्या डब्यांत जुने सेन्सर कापसात गुंडाळून ठेवतो. या वेळी त्याने सगळे डबे उलटे करून दाखवले. म्हणाला, "माणसाचा डोळा एक वेळ मिळेल, हा नाही मिळायचा."

तर प्रेस बंद आहे. मीच मेन स्विच पाडून कुलूप लावलं. नवे साहेब तणतणले, मी किल्ली दिली नाही. चाळीस ठिकाणी फोन करून झाले, अजून करतोय.

आता तुझ्या पत्राकडे येतो. किती वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसणार.

तू लिहिलंस, मागची खोली रिकामी आहे, तिथे येऊन राहा. आणि खाली लिहिलंस की शेवटच्या सकाळीही तू भावोजींना त्यांच्या निष्काळजीपणावरूनच बोललीस, ते जाऊन दोन महिने झाले तरी ते बोलणं तुला खातं आहे. 'पण मी खोटं तर बोलले नव्हते ना? तू तिथे होतास, तूच सांग. आपल्यात जबाबदार असा तूच एक.'

ताई, ते खोटं होतं.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारी डोळा असाच गेला होता. त्या म्हाताऱ्याने एका बंद बाटली कारखान्यातून काढलेला एक शोधून दिला. बसने पाठवतो, गुरुवारपर्यंत येईल म्हणाला. मी साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, चार दिवस प्रेस उभी ठेवायची कशी, तू हुशार आहेस, बघ काहीतरी. काय ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मी पॅनल उघडलं आणि वीतभर तांबडी वायर दोन टोकांना जोडली. तेवढ्याने प्रेसला वाटत राहतं की समोर कुणी नाही. मग मध्ये काहीही असो.

सोमवारी आणि मंगळवारी जो प्रेसवर होता त्याला मी बजावलं होतं. भावोजी ते दोन दिवस रजेवर होते, भाचीला ताप होता, आठवत असेल तुला. बुधवारी ते आले. त्याच सकाळी डेपोतून निरोप आला की पार्सल एक दिवस आधीच पोचलंय. मी आनंदाने सायकलवर टांग मारली. फाटकात भावोजी भेटले. पोरीचा ताप उतरला म्हणाले. मी बरं झालं म्हटलं आणि निघालो. वायरीचं सांगायचं होतं. जिभेवर होतं. वाटलं, तासाभरात नवा डोळा बसवतोच आहे, कशाला सांगायचं.

परत आलो तेव्हा भावोजींना टेम्पोतून हॉस्पिटलात नेलं होतं. जमिनीवर कुणीतरी भुसा टाकला होता. नवा डोळा माझ्या खिशात होता.

इथपर्यंतच्या सगळ्याला कुणी चूक म्हणेल. पुढचं चुकून झालं नव्हतं. सगळे फाटकाशी गोळा झाले होते. मी पॅनल उघडलं, वायर काढली, नवा डोळा बसवला. दहा मिनिटं लागली. दुपारी निरीक्षक आले. त्यांनी लाकडी पट्टी मध्ये घातली, प्रेस थांबली. पुन्हा घातली, पुन्हा थांबली. त्यांनी लिहिलं: यंत्रात दोष नाही, कामगाराने बाजूने हात घातला असावा, निष्काळजीपणा. मी त्यांच्या शेजारी पट्टी धरून उभा होतो.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तू बाहेर डॉक्टरांशी बोलत होतीस. भावोजींनी विचारलं, "डोळा बंद होता ना रे?"

पत्रा वाकडा बसला की हात घालून सरळ करायचा, प्रेस थांबतेच, ही त्यांची अठरा वर्षांची सवय. त्यांना माझ्या उत्तराची गरज नव्हती. मग म्हणाले, "हिला सांगू नकोस. माझा हात गेला तो गेला. तिला भाऊ एकच आहे."

पुढे ते कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून बसायला लागले. डाव्या हाताने आडणा सरकवून मला आत घ्यायचे. घरी तू त्यांच्या शर्टाची बटणं लावताना बोलायचीस, लक्ष कुठे असतं तुमचं, आणि मी समोर जेवत असायचो. ते माझ्याकडे बघून हसायचे. त्या हसण्याला मी माफी समजत राहिलो. कदाचित ते नुसतं थकलेलं हसू असेल. आता विचारायचं कुणाला.

आधी नोकरीची भीती होती. नंतर तुझी.

भाचीलाही सांग. आपल्या आजारात जागरण झालं म्हणून बाबांचा हात गेला, असं ती इतकी वर्षं धरून बसली आहे. मागच्या वर्षी तिने मला तसं विचारलं होतं. मी म्हटलं, जाऊ दे, जुनं झालं.

उद्या सकाळी निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन सगळं लिहून देणार आहे. 'निष्काळजीपणा' हा शब्द भावोजींच्या नावापुढून काढून घ्या, असं सांगणार आहे. मग माझं जे व्हायचं ते होवो. तू त्यांना जे जे बोललीस ते माझ्या वाट्याचं होतं, त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच आता तुला सांगता येतं.

मागच्या खोलीत मी येत नाही. तू हे वाचल्यावर पुन्हा बोलावलंस तरच येईन. नाही बोलावलंस तर का, ते विचारणार नाही.

ज्याच्यासाठी ते गप्प राहिले,
तो तुझा धाकटा भाऊ