माय नाहीच म्हणणार!

१७ जुलै १९८१, शुक्रवार. समुद्रपूर

पोहोचलो! टक्कल, उघडे पाय, अंगावर चीवर — आणि एस.टी.त बसायला जागा! आयुष्यात पहिल्यांदा! एक म्हातारे बाबा स्वतः उठून उभे राहिले. मी म्हणणार होतो, बसा ना बाबाजी, पण भन्तेंनी डोळ्यांनी दटावलं. मग बसलो. काय ऐट!

नालवाडीच्या शिबिरात आम्ही चाळीसेक पोरं श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू झालो होतो. दहा दिवस झाले, बाकीच्यांनी चीवर उतरवलं, पँटी चढवल्या आणि घरी पळाले. मी राहिलो! आता पावसाळ्याचे तीन महिने, म्हणजे थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत, इथल्या विहारात मुक्काम. दोघंच. मी आणि भन्ते चंदसारो. भन्ते थायलंडचे. वय सव्वीस-सत्तावीस असेल. चार वर्षं नागपुरात काढली, तिथंच मराठी शिकले — म्हणजे आपली वऱ्हाडीच! प्रत्येक गोष्टीला विचारतात, "काऊन?" एस.टी. थांबली — काऊन? म्हशी रस्त्यात बसल्या — काऊन? आता म्हशींचं मी काय सांगू!

आणि मुख्य गोष्ट तर राहिलीच. पावसाळा संपला की भन्ते आपल्या देशी परत जाणार, आणि सोबत आपल्या जिल्ह्यातला एक पोरगा नेणार. तिकडे पाच वर्षं शिकायचं, पुरता भिक्खू होऊन यायचं, मग गावोगाव धम्माचं काम. तो पोरगा म्हणजे मी! आंजीचा प्रेमदास विमानात! बी.ए.ला इंग्रजीत गोता खाल्लेला प्रेमदास!

अडचण एकच. भिक्खू व्हायला आईवडिलांची परवानगी लागते. नियमच आहे तसा. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुही माय म्हणन तसं." आणि माय? माय नाहीच म्हणणार. शंभर टक्के.

१८ जुलै

माझं नवीन नाव उपसेन. तानबाजी (विहार समितीचे अध्यक्ष — बोलायला लागले की थांबत नाहीत) सकाळी "उपसेनजी, उपसेनजी" करून ओरडत होते आणि मी आपला खुशाल दात घासतोय. शेवटी भन्तेंनी कोपरानं ढोसलं.

मग भिक्षेला निघालो. भन्ते पुढे, मी मागे. मान खाली, मागायचं नाही, बोलायचं नाही, जे पात्रात पडेल ते खायचं. भाकर, त्यावर झुणका, त्यावर भात, त्यावर वरण, आणि कोण्या माउलीनं वरून खीर ओतली! भन्ते मजेत कालवून खातात. मी डोळे मिटून खाल्लं. खरं सांगतो, वाईट नव्हतं.

शेवटच्या घरी मनकर्णाबाई. साठीची बाई, आवाज असा की दोन गल्ल्या ऐकू जावा. "कोनाचा रे तू बाबू?" आता बोलायचं नसतं, पण मान हलवून गाव कसं सांगणार? म्हटलं, आंजीच्या नानाजीचा. "अगं माय वो! कमलाचा पोट्टा! तुह्या मायसंग मी निंदाले जात होती रे!" आणि गालाला हात लावायला पुढे आली, आणि तशीच थबकली; चीवरातल्याला बाईनं हात लावायचा नसतो. मग डोक्यावर पदर घेऊन खाली बसली आणि पाया पडली. मी कुठं पाहू तेच समजेना.

२६ जुलै

दुपारी बारानंतर अन्न नाही. काळा चहा चालतो. समोरच्या हॉटेलात संध्याकाळी भजी तळतात. वारा नेमका विहाराकडेच वाहतो!

९ ऑगस्ट, रविवार

आज माझं पहिलं प्रवचन झालं!!

रागावर बोलायचं होतं. तीन दिवस पाठ केलं. समोर शंभरेक माणसं, बाया एकीकडे, माणसं एकीकडे — आणि डोकं रिकामं! एक शब्द आठवेल तर शप्पथ. भन्ते आपले शांत बसलेले. मग तोंडाला आलं ते बोललो. आमच्या बाबांची गोष्ट. बैल अडून बसला म्हणून बाबांनी रागानं जू फेकलं, ते पडलं त्यांच्याच पायावर. मग महिनाभर बाबा खाटेवर, बैल गोठ्यात, दोघंही आरामात, आणि वखर चालवे माय! लोक हसून हसून लोळले. मग मी हळूच म्हटलं, पण त्या महिन्यात माय किती दमली ते बाबांना अजून माहीत नाही. सगळे एकदम चूप. अरे बापा! ती शांतता! मला बोलता येतं! कॉलेजात मागच्या बाकावर बसणाऱ्या मला!

तानबाजी म्हणाले, "पुढच्या रविवारी भोंगा लावू. गावाले ऐकू गेलं पायजे!"

भन्ते एवढंच म्हणाले, "चांगलं बोलला. तू खूश होऊन राह्यला." मी म्हटलं, हो, खूप! ते म्हणाले, "मले दिसून राह्यलं."

१६ ऑगस्ट

भोंगा लावला. अर्ध्यात वीज गेली. तसाच ओरडून बोललो. घसा बसला. मजा!

२३ ऑगस्ट, रविवार

अन्नपूर्णाताई आली होती. माझी मोठी बहीण, हिंगणघाटला दिली आहे, इथून जवळच. मला पाहून आधी पदर तोंडाला लावून हसली. "कैरीसारखं डोस्कं दिसून राह्यलं तुहं!" मग एकदम भानावर आली आणि पाया पडली. मी म्हटलं, उठ वो ताई, असं नको करू. तर म्हणे, करा लागते.

मायचं विचारलं. ताई गेल्या आठवड्यात आंजीला गेली होती, तेव्हा तिनं थायलंडचं मायच्या कानावर घातलं.

"मग? काय म्हणाली?"

"काई नाई. भाकर थापत होती. थापतच राह्यली."

"रागावली?"

"नाई ना. मंग इचारलं तिकडं भाकर भेटते का म्हणून."

मी खूप हसलो. पाहा, माय नाहीच म्हणणार! ताईला सांगितलं, माझी तयारी आहे, उद्या बोलावलं तर उद्या निघेन, पण मायपुढे कोणाचं चालतं का? ताई पिशवी उचलून उठली. बसची वेळ झाली होती.

६ सप्टेंबर

भन्तेंसोबत चार कोसांवरच्या वस्तीवर ग्रंथवाचनाला गेलो होतो. काळी माती! एकेका पायाला दोन-दोन शेर चिकटली. भन्ते ओढ्याजवळ असे घसरले की चीवर कुठं, पात्र कुठं, आणि चिखलात बसून स्वतःच खदखदून हसतात! मी काढायला गेलो, मीही पडलो. वस्तीवरच्या बायांनी पाणी तापवून दिलं. तरी वाचन झालं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं, आम्ही दोघं आपले खारवलेल्या मिरच्यांसारखे वाळत बसलो.

येताना भन्तेंनी थाई आकडे शिकवले. नुंग, सोंग, साम, सी, हा! मी रस्ताभर घोकत आलो.

मध्येच त्यांनी विचारलं, "माय नाई म्हणन तर?"

"तर काय भन्ते, घरी. मायच्या मनाविरुद्ध कसं जाणार?"

"अन् हो म्हणन तर?"

मी म्हटलं, तुम्ही माझ्या मायला ओळखत नाही! आणि पुढे आकडे म्हणत चाललो. होक, चेत, पेत.

२० सप्टेंबर

हिंगणघाटला जाऊन पासपोर्टसाठी फोटो काढला! फोटोवाला सवयीनं म्हणतो, "केस विंचरून घ्या." मग स्वतःच जीभ चावली. तानबाजींनी फोटोची एक प्रत आपल्याला मागून घेतली, विहारात लावणार म्हणे. "आपल्या गावचा नसन, जिल्ह्याचा तं हाय! इमानात बसन पोट्टा!" सगळ्या गावाला सांगत फिरतात. भिक्षेला गेलो तर दारोदार तेच. मी प्रत्येकाला सांगतो, माझं काही नाही, माय हो म्हणाली तर निघालोच समजा. लोक म्हणतात, वा! केवढी तयारी पोराची!

मनकर्णाबाई मात्र म्हणाली, "मले तं बाप्पा पाच वर्सं लेकराची वाट पाहवली नसती."

८ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

कालपासून हमरस्ता वाहतोय नुसता! ट्रक, बैलगाड्या, सायकली, सगळे नागपूरला दीक्षाभूमीला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळे झेंडे. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. वर्षावासात, म्हणजे या तीन महिन्यांत, विहार सोडून मुक्कामाला जाता येत नाही ना! प्रत्येक ट्रकातून "जय भीम!" आणि मी खालून "जय भीम!" घसा पुन्हा बसला. एका ट्रकातल्या पोरांनी संत्री फेकली. भन्तेंनी एका हातात झेलली — काय झेल! दुपार उलटली होती, म्हणून खाल्ली नाही. उद्यासाठी ठेवली आणि दर तासानं वास घेतला, दोघांनीही.

माय-बाबा दरवर्षी जातात. याही वर्षी गेले असतील. परत जाताना इकडे येतील असं ताई म्हणाली होती.

१० ऑक्टोबर, शनिवार

माय आली!! बाबाही.

मी विहार झाडत होतो. फाटकात दोघं दिसली. धावणारच होतो, पण धावायचं नसतं. उभा राहिलो. माय चपला काढून सरळ माझ्यासमोर आली आणि वाकली. गुडघे टेकले, हात टेकले, कपाळ फरशीला. एकदा नाही, तीनदा. पायाला भेगा पडलेल्या, त्या मला दिसत होत्या. मी चीवरात हात धरून उभा. पाया मी पडू शकत नाही, तिला उठवू शकत नाही. उठली आणि म्हणाली, "बरे हाय ना भन्तेजी?" मला! भन्तेजी! घरी तर प्रेम्याशिवाय बोलत नाही.

कोथिंबिरीची सांबारवडी करून आणली होती. भन्तेंच्या पात्रात चार, माझ्या पात्रात चार. घरी मला नेहमी दोन जास्त असतात. मी पाहिलं तिच्याकडे. ती हात जोडून बसली होती.

संध्याकाळी प्रवचन. माय बायांमध्ये पहिल्या रांगेत! मी ठरवलं, आज असं बोलायचं की मायनं तोंडात बोट घातलं पाहिजे. विषय त्याग. आणि मी सांगितली ताईच्या लग्नाची गोष्ट. ताई सासरी निघाली तेव्हा सगळ्या बाया रडत होत्या, माय नाही. बैलांची दमणी वळणाआड गेली, मायनं विळा घेतला आणि वावरात निघून गेली. शेजारीण म्हणाली, कशी वो तू, डोळ्यात पाणी नाई? तर माय म्हणाली, दिलं म्हणजे दिलं, मागं पाहू नये. मी म्हटलं, बघा, त्याग शिकायला मला कुठे जावं लागलं नाही, तो माझ्या घरात चुलीपुढे बसला होता.

काय रंगलं म्हणून सांगू! सगळ्या बायांचे पदर डोळ्यांना! तानबाजी चक्क चूप! आजपर्यंतचं सगळ्यात भारी प्रवचन. मायकडे पाहिलं — ती रडत नव्हती. नुसती ऐकत होती.

११ ऑक्टोबर, रविवार

मायनं हो म्हटलं.

सकाळी बसच्या आधी भन्तेंसमोर बसली. भन्तेंनी रीतीप्रमाणे विचारलं, पोराला भिक्खू व्हायची परवानगी आहे का? मी तयारच होतो, आता ती नाही म्हणेल, मग मी मान खाली घालेन, भन्ते म्हणतील हरकत नाही. माय म्हणाली, "मी नाईच म्हणाले आलती, महाराज. रस्ताभर तेच घोकत आली. पण कालच्याले या लहान्या भन्तेजीनंच सांगतलं ना सगळ्याइसमोर, दिलं म्हणजे दिलं. आता मीच मागं पाहू का? न्या." बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मग तेही म्हणाले, "न्या."

मग एकच गलका! तानबाजींनी पेढे आणले, भोंग्यावरून गावभर सांगितलं. मनकर्णाबाई मायच्या गळ्यात पडून रडली, माय तिला समजावत होती. बसमध्ये चढताना मायनं पुन्हा पाया पडून घेतलं. खिडकीत बसली. बस सुटली. मी वळणापर्यंत पाहत होतो. तिनं मागं पाहिलं नाही.

खूप आनंद झाला आहे. सगळे म्हणतात, तुला किती आनंद झाला असेल! हो. खूप.

१३ ऑक्टोबर, मंगळवार. पौर्णिमा

परवा नागपूरला निघायचं. भन्तेंनी विचारलं, तयार? मी मान हलवली. मला जायचं नाही. माय नाही म्हणेल, याच भरवशावर मी तीन महिने सगळ्यांना हो म्हणत होतो. आता नाही म्हणायचं तर मलाच म्हणावं लागेल, आणि तिला कोणत्या तोंडानं सांगू?