पंजासुद्धा मोजला म्हणे

कार्डिफ, ८ जानेवारी २००७, सोमवार

संध्याकाळी अमेरिकेहून रोहनचा, ताईच्या मुलाचा, फोन आला. तो कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर आहे. बॉल घेऊन पळणाऱ्याला आडवं करायचं, एवढंच मला कळतं. मोठ्या व्यावसायिक संघांच्या माणसांनी त्याला पारखलं. उंची, वजन, धावणं. हाताचा पंजासुद्धा मोजला! पंजावरून काय कळतं? तो तान्हा असताना त्यात माझं एक बोट जेमतेम मावायचं.

"मावशी, ते म्हणतात मी फास्ट आहे, पण समोरच्याची चाल उशिरा ओळखतो. यंदा त्यांच्या निवडीसाठी नाव दिलं आणि कोणत्याच संघाने घेतलं नाही, तर कॉलेजकडूनही खेळता येणार नाही. काय करू?"

"अरे, मला क्रिकेटसुद्धा कळत नाही!"

"आई नुसती रडते. तू सांग."

मला दाखवायच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी चालायला लावलं होतं, ते आठवलं. नंतर नकाराचं पत्र. महिनाभर मी आरशात पाहिलं नव्हतं.

"थांब एक वर्ष," मी म्हटलं.

तो लगेच म्हणाला, "ओके मावशी."

इतक्या पटकन? त्याला 'जा' ऐकायचं होतं का? त्यांनी नाकारू नये म्हणून मीच त्याला आधी नाकारलं की काय?