शेवटच्या गोळ्याची चानकी

आई, आज मी पोरीला मारलं.

तुला माझी पोर ठाऊक नाही. तुला जाऊन बारा वर्षं झाली, ती आता सात वर्षांची आहे. तिच्या पाठचा पोरगा चार वर्षांचा. समता कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. तुझी सून सकाळी नऊला दवाखान्यात कामाला जाते ती संध्याकाळीच परतते, आणि मी घरी बसून कंप्युटरवर लोकांच्या घरांचे नकाशे काढतो. शाळा सुरू असते तेव्हा ठीक असतं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ही दोघं दिवसभर माझ्या डोक्यावर. परवा पोरीनं अख्खी टूथपेस्ट हॉलच्या भिंतीला फासली, कारण शेजारच्या घरात तिनं मजुरांना पुट्टी लावताना पाहिलं होतं. काल माझी चप्पल सापडेना, ती निघाली फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी. पोरगा म्हणाला, "पापा, गरम हो गई थी." मी मराठीत बोलतो, त्यांना सगळं समजतं, पण इथं शाळेत-गल्लीत सगळी हिंदीच, म्हणून उत्तर येतं हिंदीत. "काय करून राहिला रे?" विचारलं की आतून आवाज येतो, "कुछ नहीं." आणि 'कुछ नहीं' ऐकलं की मी हातातलं काम टाकून धावतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, खाण तशी माती, आता भोग.

आज सकाळी एका घराचे नकाशे छापून आणले होते. मोठे कागद, टेबलावर मावत नाहीत, म्हणून जमिनीवर पसरून त्यांच्यावर पेन्सिलीनं खुणा करत होतो. चहा ठेवायला आत गेलो आणि परत येऊन पाहतो तर सगळे कागद पाण्यात. मधोमध पोरगी उभी, हातात मग, बाहुलीला आंघोळ घालायला निघालेली. मी काही विचारलं नाही. दिली एक कानाखाली. ती म्हणाली, "मैंने नहीं किया." मी ओरडलो, "खोटं बोलून राहिली? मग काय पाणी आभाळातून पडलं?" आणि ओरडता ओरडताच दचकलो, कारण तो आवाज माझा नव्हता, तुझा होता. शब्दसुद्धा तुझेच होते. मग कानावर बारीक झुळझुळ आली. सकाळी कूलरमध्ये पाणी भरायला मीच नळी लावली होती आणि बंद करायला विसरलो होतो. टाकी भरून पाणी खालून वाहत वाहत कागदांपर्यंत आलं होतं. पोरीचा मग कोरडा होता.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, तसं. आणि चोर मीच.

ती रडली नाही. गॅलरीत जाऊन जाळीला तोंड लावून बसली. तिची ती पाठ पाहिली आणि मला आपलं लहानपणचं गुढियारीचं घर आठवलं. दोन खोल्या, वर छोटी गच्ची, मागं अंगणात टिनाचं छप्पर असलेलं न्हाणीघर. बाबांची रेल्वेची ड्यूटी, कधी दिवसाची, कधी रात्रीची, म्हणून घरात मोठ्यानं बोलायची चोरी. त्यात मी आणि माझी धाकटी बहीण, दोघंही असे की शेजारीपाजारी हात जोडत. तुझा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. आधी फटका, मग चौकशी. पण चौकशीत चूक तुझी निघाली, किंवा फटका जरा जास्तच लागला असं तुला वाटलं, की तू काहीच बोलायची नाहीस. स्वयंपाकघरात जायचीस. पोळ्या लाटत असशील तर शेवटचा गोळा मुद्दाम राखायचीस, नसशील तर तेवढ्यासाठी मूठभर कणीक भिजवायचीस. त्याची तळहाताएवढी चानकी लाटायचीस, तव्यावर फुगवायचीस, वर तूप आणि किसलेला गूळ. गुंडाळी करून ताटलीत ठेवून जिथं आम्ही रुसून बसलो असू तिथं आणून ठेवायचीस आणि पाठ वळवून म्हणायचीस, "खाऊन घे, गरम आहे." संपलं. 'चुकलं माझं' हे दोन शब्द तुझ्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत.

आम्हा पोरांना त्यातलं काय कळणार? आम्हाला वाटायचं, माराबरोबर चानकी मिळतेच. एकदा बहिणीनं तांदळाच्या पिठाचा डबा मुद्दाम उलटा केला आणि तुझ्यासमोर पाठ वाकवून उभी राहिली. म्हणाली, "मार न आई, मग मले चानकी दे." तू पदर तोंडात धरून आत पळालीस. हसत होतीस असंच मी इतकी वर्षं धरून चाललो. आज मला तितकी खात्री वाटत नाही.

मी दहा वर्षांचा झालो तेव्हा मला चानकीचा अर्थ समजला होता. म्हणजे तू चुकलीस की चानकी होते, एवढं समजलं होतं. आणि समजलं त्याच वर्षी ते वड्यांचं झालं.

थंडीचे दिवस. शेजारच्या काकींकडून तू रखिया बडी करायला शिकली होतीस. कोहळा किसायचा, उडदाची डाळ वाटायची, पहाटेपासून ते फेटून फेटून तुझा दंड भरून यायचा. आपण त्यांना वड्याच म्हणायचो. गच्चीवर जुनं लुगडं अंथरून तू त्यावर वड्यांच्या रांगा घातल्यास आणि मला राखण बसवलंस. मी काठी घेऊन बसलो. थोड्या वेळानं खाली गल्लीत पोरांचा भोवऱ्यांचा डाव रंगला, तरी मी उठलो नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. माकडं आली. एक नव्हे, पाच-सहा, आणि त्यांतलं एक माझ्याएवढं. मी काठी टाकून जिन्यात पळालो, एवढाच माझा गुन्हा. तू वर आलीस तेव्हा माकडं गेली होती, वड्या तुडवलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये मी उभा होतो.

"काहून रे, कोण तुडवल्या?"

"माकडं आले होते."

"रोजचेच माकडं आहेत तुये! कप फुटला तं माकड, पुस्तक फाटलं तं माकड. खोटं बोलून राहिला? मग काय आभाळातून पाय आले वड्यांवर?"

तेही खरंच होतं. घरात काही तुटलं-फुटलं की मी माकडांच्या नावावर टाकायचो. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याच्या घरी खरा लांडगा आला, तर कोण विश्वास ठेवील? पण त्या दिवशी तू हातानं मारलं नाहीस. मीच टाकलेली राखणीची काठी उचललीस. पोटऱ्यांवर तीन वळ उठले.

दुपारी काकी आल्या. तुझ्याजवळ बसून त्यांच्या बोलीत हळहळत होत्या, "काय बताओं ओ दीदी, बेंदरा मन मोरो जम्मो बरी ल रौंद दिन." त्यांच्याही सगळ्या बड्या माकडांनी तुडवल्या होत्या. मी दाराआड उभा होतो. तुझा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त निवडत असलेल्या तांदळातला हात थांबलेला दिसला. काकी गेल्यावर तू उठलीस. परातीत कणीक घेतल्याचा आवाज आला.

मी अंगणात न्हाणीघराच्या भिंतीशी बसलो आहे. पोटऱ्यांना माती लावली आहे, थंड वाटावं म्हणून. तू येतेस. ताटलीत चानकी आहे, नेहमीपेक्षा मोठी, तूप ओघळून ताटलीत आलं आहे. या वेळी तू पाठ वळवत नाहीस. समोर उभीच राहतेस. "खाऊन घे," म्हणतेस, "गरम आहे." मी ती उचलतो. तुझ्याकडे बघतो. आणि उभा राहून जोरात टिनाच्या छपरावर फेकतो.

"माकडायले दे," मी म्हणतो.

मला वाटलं होतं तू आणखी मारशील. मारायला हवं होतंस. तू ताटली उचललीस, पदरानं तिच्यातलं तूप पुसलंस आणि आत गेलीस. त्यानंतर तू मला कधी हात लावला नाहीस आणि चानकीही कधी केली नाहीस. बहिणीला मिळायची. मला नाही. शेवटचा गोळा माझ्यासमोर साध्या पोळीत जायचा आणि मी मान खाली घालून भाजी कालवत राहायचो.

लग्नानंतर तू सुनेला स्वयंपाकघर दाखवत होतीस तो दिवस आठवतो? मी बाहेर जोडे घालत होतो. मिठाचा डबा कुठं, फोडणीची मिरची कोणती, असं सांगता सांगता तू अगदी सहज म्हणालीस, "आणि याले चानकी नको करून देत जाऊ बरं, याले आवडत नाही." रागावून नाही, टोमणा नाही. कुणाला कारलं आवडत नाही तसं. मी जोड्याची नाडी दोनदा बांधली. आत येऊन एक वाक्य बोलायला काय लागत होतं? एरवी उचलली जीभ लावली टाळ्याला अशी माझी ख्याती. तेव्हा मात्र ऑफिसला उशीर होतो म्हणून निघून गेलो.

पुढच्याच वर्षी तू गेलीस. दहाव्याला खारून नदीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चार बसले होते, खाली एकही उतरेना. मामा हात जोडून म्हणाले, पोराचा संसार सांभाळू. बहीण म्हणाली, बाबांना एकटं टाकणार नाही. ऊन चढत गेलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले, आईचं काही राहिलं का रे, आठवून पाहा. मला ठाऊक होतं काय बोलायचं ते. पण एवढ्या माणसांत, टक्कल केलेल्या डोक्यानं, एका चानकीची गोष्ट कशी काढायची? मी म्हणालो, "नाही, काही नाही." शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. तो बिचारा कशालाही शिवतो.

तर आज पोरीची ती पाठ बघून मी स्वयंपाकघरात गेलो आणि कणीक भिजवली. मला लाटता येत नाही, तुला माहीत आहे. कडा फाटल्या, एका बाजूला जाड राहिली, तव्यावर फुगलीच नाही. तूप-गूळ घालून ताटलीत ठेवून गॅलरीत नेली. तोंडातून आपोआप निघालं, "खाऊन घे, गरम आहे."

"ये क्या है?"

"चानकी. तुझी आजी करायची."

"आज मेरा बड्डे है क्या?"

"नाही."

"फिर क्यों?"

आई, तुला हे कुणी विचारलं नाही म्हणून तुझं निभावलं. मी खाली बसलो. म्हणालो, "पाणी मीच सांडलं होतं बेटा. कूलरची नळी मी बंद केली नव्हती. तुले उगाच मारलं. चुकलो."

ती माझ्याकडे वळली. "मैं बोली थी न, मैंने नहीं किया. आप सुने ही नहीं."

"नाही ऐकलं."

"हव," ती म्हणाली. कामवाल्या बाईंकडून शिकली आहे हे, हो म्हणण्यासाठी. पण त्या 'हव'मध्ये माफी नव्हती, नुसतं ऐकलं एवढंच होतं. मग तिनं ताटली उचलली, माझ्याकडे बघत कठड्यावर ठेवली आणि म्हणाली, "चिड़िया खाएगी."

मी आत आलो. ओट्याशी उभा राहिलो, हाताला कणीक तशीच, धुवायचंही सुचेना. ताटलीतलं तूप पुसून तू आत गेलीस तेव्हा किती वेळ अशी उभी होतीस ग? आणि मग संध्याकाळचा स्वयंपाक केलास, मला वाढलंस, जाड पांघरूण घातलंस. माझ्यानं तर साधा चहा झाला नाही. मला रडू आलं, आणि पोरगा येऊन माझा पाय धरून विचारायला लागला, "पापा, किसने मारा?"

अर्ध्या तासानं गॅलरीत गेलो. ताटली रिकामी होती. पोरगी बाहुलीचे केस विंचरत बसली होती आणि तिच्या हनुवटीला तूप लागलेलं होतं. मी काही विचारलं नाही. ताटली उचलली आणि आत नेली.

हे लिहितो आहे त्याच भिजलेल्या नकाशाच्या पाठीवर. वाळून कागद पापडासारखा झाला आहे, पेन अडखळतं. तुझ्यापर्यंत हा पोचायचा नाही, आणि उद्या पोरगा त्याचं विमान करील, तेही बरंच आहे. पण इतकी वर्षं अडलेलं तेवढं लिहून टाकतो.

आई, त्या दिवशी तू आत गेल्यावर मी टिनावर चढलो होतो. चानकी गार झाली होती, तिला मुंग्या लागल्या होत्या. त्या झटकल्या आणि तिथंच बसून सगळी खाल्ली. आणि तुला कळू नये म्हणून नळावर जाऊन तोंड धुऊन आलो.