होतोतायचे पातेले आणि इतर वाटणी

मी, लिगाया ओंगसिअको, वय एक्क्याऐंशी, राहणार बिनोंदो, मनिला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते की, उद्या माझे लग्न आहे. म्हणून वाटणी आजच.

मुलगा बेन्सन म्हणतो, "आई, तुझं डोकं ठिकाणावर नाही." त्याचे कारण असे. गेल्या एप्रिलात मी होतोताय रांधत होते. कोंबडी, डुकराचे मांस, कोळंबी, गाजर, कोबी, सगळे घातलेले ते सूप रटरटत होते. समोरच्या खिडकीतून नणंद रोसालिंदा म्हणाली, "वहिनी, अंडं वरून कच्चंच सोडायचं, ढवळायचं नाही." तिला उत्तर द्यायला मी सज्जात गेले. भांडण पन्नास वर्षांचे, आटोपणार कधी? इकडे पडद्याने पेट घेतला. बंब आला, बंबाबरोबर अग्निशमन दलाचे निवृत्त प्रमुख पोलिकार्पिओ आले. पडदा विझवून त्यांनी सूप चाखले आणि म्हणाले, "पडदा गेला, सूप वाचलंय. अंडी आहेत का घरात?"

तेव्हापासून ते दर रविवारी येतात, आग नसली तरी. उद्याचे नवरदेव तेच.

घर बेन्सनचे. मात्र पोलिकार्पिओ हयात असेतो त्यांना माझ्या स्वयंपाकघरातून कोणी उठवू नये.

दिवंगत पती किमसेंग यांची सुतारकामाची हत्यारे नात मेलिंडाला. त्यांचा फोटो भिंतीवरून काढू नये. त्यांना पोलिकार्पिओ आवडले असते. दोघांनाही सूप फुंकून प्यायचा धीर नाही.

माझे डोके तपासायला बेन्सनने डॉक्टर आणले. त्यांनी आजचा वार विचारला, मी वार सांगून वाटी पुढे केली. दुसऱ्या वाटीनंतर ते साक्षीदार व्हायला तयार झाले.

राहिले सासूबाईंचे पातेले. साक्षीदाराला वारसा मिळत नाही, असे वकिलांकडून कळताच मी मोठ्या आनंदाने रोसालिंदाला सहीला बोलावले. तिने कागद वाचला, पेन खाली ठेवले.

"मी सही करणार नाही. मला पातेलं पाहिजे."

"तुला कशाला?"

"आईने ते तुला दिलं, वहिनी. पोटच्या पोरीला नाही. मी काय इतकी वर्षं अंड्यावरून भांडत होते?"

तिने ठेवलेले पेन मी उचलले. पातेले रोसालिंदाला, माझ्या मरणाची वाट न पाहता, आत्ताच. उद्याच्या लग्नाचे सूप तिच्याच घरी शिजेल.

(सही) लिगाया ओंगसिअको
साक्षीदार: डॉ. अर्सेनिओ दिमालांता, वकील कोराझोन युचेंगको, शेजारी फ्लोरो बागत्सिंग
बिनोंदो, मनिला, १४ जून २०१४

ता. क. रोसालिंदाची सही नाही. ती पातेले घेऊन जिना उतरते आहे, आणि तिच्या मागून बेन्सन झाकण घेऊन चालला आहे.