तोंडाने म्हण

अण्णा, तुम्ही गेल्याला चौदा वर्षं झाली. आज तुमच्यावर चिडायला बसले आहे, तर नीट चिडू द्या. मधेच माझे उच्चार सुधारू नका.

आधी माझं काम सांगते. मूल होत नाही अशी जोडपी आमच्या दवाखान्यात येतात. नवऱ्याचं वीर्य माझ्याकडे नळीत येतं. ते धुऊन वर अलगद पोषक द्राव ओतायचा आणि नळी तिरपी करून तासभर उबेच्या पेटीत ठेवायची. जोमदार शुक्रजंतू आपले आपण पोहत वर येतात, मंद आणि मेलेले खाली राहतात. वरचा थर तेवढा उचलून मी डॉक्टरीणबाईंना देते, त्या तो बायकोच्या गर्भाशयात सोडतात. काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आपल्या घरी तुम्ही मला अक्षतांसाठी अखंड तांदूळ निवडायला बसवायचात आणि निवडता निवडता श्लोक शिकवायचात. हात तिथेच तयार झाला. खोडही तिथलीच. मी नुसती मान डोलावली की तुम्ही थांबायचात. "मान काय डोलावतेस? ऐकून हो म्हणणं म्हणजे येणं नव्हे. तोंडाने म्हण."

नळ्यांची अदलाबदल होईल या धास्तीने मला जेवण जात नाही. म्हणून मीच नियम केला: नळीवरचं नाव आपण वाचून दाखवायचं नाही, बायकोने नवऱ्याचं नाव स्वतः सांगायचं. आता इकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे काशीत जन्मलेल्या मला ठाऊक नव्हतं का? पण एरवी नवरा बाहेर बाकावर असतो, तो येऊन सांगतो. त्या दिवशी गंगेपलीकडच्या गावातली एक आली. नवरा सुरतेला कामाला, रजा संपलेली, नमुना देऊन तो थेट स्टेशनवर गेलेला.

"पति का नाम?"

ती पदराआड हसली. "अरे दीदी, ऊ नाम हम कइसे लें?"

"तो लिख दो."

"लिखे आवत त ई नौबत काहे आवत?"

लिहिताही येत नव्हतं. मग म्हणाली, मुन्नी के भइया. मुन्नी तिची नणंद. डॉक्टरीणबाई वैतागल्या. "पढ़कर सुना दो, सिर हिला देगी."

"सिर हिलाने से नहीं चलेगा, मैडम." वाक्य हिंदी होतं अण्णा, आवाज तुमचा होता.

पाऊण तास गेला, उचललेला थर तोवर उबेच्या पेटीबाहेरच. शेवटी भिंतीकडे तोंड करून, रडत, तिने नाव घेतलं. मी थर पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. निम्मे जागच्या जागी थरथरत होते. तरी दिला. त्या महिन्यात गर्भ राहिला नाही. एरवीही दर खेपेला राहत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. नवरा आता दिवाळीनंतर छठपूजेलाच येणार.

तुम्ही गेलात तेव्हा दाखल्यासाठी महापालिकेत कारकुनाने आईला तुमचं नाव विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांची मी, पटकन सांगून मोकळी झाले. आईला तोंडाने म्हण म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही. तुमची शिकवण तेव्हा माझ्या अंगात पुरती मुरली नव्हती, ते बरं होतं.

हे पत्र अक्षतांच्या डब्याखाली ठेवते. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी पेटीत नळी एकच होती.