पट्टी शाबूत आहे

३ मार्च, सकाळी
बिल्डरच्या करारावर सही केली. कोपऱ्यावरची लॉन्ड्री बंद, झेरॉक्सवाला गाशा गुंडाळून गेला. उरलं माझं फोटो फ्रेमचं दुकान. आता इथे नवी इमारत, खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट. मिक्स्ड यूज! हा शब्द बायकोला तीनदा ऐकवला. ती विचारते, तोवर राहायचं कुठे. इथेच, दुकानाच्या वर. बिल्डर आधी शेजारचा रिकामा प्लॉट खोदणार, मग आपला नंबर.

११ मार्च
खोदकाम जोरात. दुकानाच्या भिंतीला केसाएवढी भेग. बिल्डरच्या इंजिनियरने तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली, वर लाल पेनने तारीख लिहिली. पट्टी तडकली तर भिंत हलतेय असं समजायचं आणि त्याला फोन करायचा. मग काम थांबवून टेकू लावणार, आम्हाला हलवणार. काचेबद्दल मला शिकवतो.

१४ मार्च, दुपारी
तडकली. काचच हलकी होती. एवढ्यासाठी काम महिनाभर रखडवायचं? दुकानातली चांगली काच कापून लावली. तारीख लिहायची राहिली. इंजिनियरचा फोन आला. पट्टी शाबूत आहे म्हटलं. खोटं काय त्यात?

१९ मार्च
दुसरीही गेली. गोंद भिकार. तिसरी जाड लावली. बिल्डरने दिलेलं नव्या इमारतीचं रंगीत चित्र फ्रेम करून भेगेवर टांगलं. दुकानाला शोभा आली. गिऱ्हाईक मात्र एकही नाही.

२३ मार्च
चित्र रोज सकाळी तिरकं झालेलं असतं. रोज सरळ करतो. वरच्या खोलीचं दार लागत नाही. लाकूड फुगलं असेल. चहात माती पडते, बायको म्हणाली. झाकण ठेव म्हटलं.

२६ मार्च
बायकोने बॅग भरली. भावाकडे जाऊ म्हणाली. मी आधी खाली येऊन चित्र उतरवलं, चौथी पट्टी लावली, दुप्पट जाड. मग तिला बोलावून दारातूनच दाखवली. बघ, शाबूत आहे. तिने बॅग रिकामी केली. माणसाचा शब्द असा हवा.
संकल्प: उद्यापासून घाबरायचं नाही. तसा घाबरत नाहीच. छातीत धडधडतं ते मशीनमुळे.

२ एप्रिल, हॉस्पिटल
काल सकाळी काच आणायला गेलो होतो. पाचवीसाठी. चौथी टिकली होती, पण हाताशी असावी. परत आलो तर भिंत बसलेली, वरची खोली बायकोसकट खाली. ती वाचली. पाय दोन ठिकाणी मोडला. बिल्डर फोन उचलत नाही. इंजिनियरने वही दाखवली, दर फोनला सांगितलेलं माझंच वाक्य चार वेळा लिहिलेलं.
ढिगाऱ्यात चौथी पट्टी सापडली. एक ओरखडा नाही. भेग तिच्या बाजूने गेली. का कोण जाणे, खिशात घालून इथे आणली.
बायकोने मागून घेतली. विचारलं, "ही त्या इंजिनियरचीच ना?"
हो म्हणालो. ती अंगठ्याने धूळ पुसत राहिली. लाल तारीख शोधत होती.